तळ्याकाठचे देशी वनस्पतींचे राखीव क्षेत्र : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खान्देशातील आमच्या गावाला लागून असलेल्या तळ्याच्या काठावर गावकऱ्यांनी मिळून देशी वनस्पतींचे राखीव क्षेत्र उभे केले आहे. काही वर्षांपूर्वी या काठावर बेशरम, वेडी बाभूळ आणि बांधकामाचा राडारोडा यांखेरीज फारसे काही नव्हते. येथे फिरायला येणारी मंडळी, मुलांना घेऊन येणारे शिक्षक, काठावरचे शेतकरी आणि स्वतःच्या गावच्या तळ्यासाठी असेच काही करू पाहणारे शेजारच्या गावांतील लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत.

ही बाग आहे, जंगल आहे, की आणखी काही?

बागही नाही आणि जंगलही नाही. हा तळ्याचा काठ आहे, आणि काठ हा तळ्याचाच भाग आहे असे मानून त्याची राखण करणे हा या कामाचा गाभा आहे. खान्देशच्या मैदानी भागात वर्षाला साधारण ५०० ते ७५० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडून जातो. त्यामुळे पोळ्याच्या सुमारास भरलेले तळे आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, आटत आटत मध्याकडे सरकते. जी जमीन भाद्रपदात पाण्याखाली असते, तीच माघात चिखल होते आणि वैशाखात भेगाळलेली काळी माती होते. या तिन्ही अवस्था सोसणाऱ्या वनस्पती आणि त्या अवस्थांप्रमाणे येणारे-जाणारे जीव यांचे हे घर आहे. पाण्याची कडा एका जागी बांधून टाकली, तिला दगडी भिंत आणि पेव्हर ब्लॉक लावले, की तळ्यात पाणी राहते, पण तळ्याचे जगणे संपते.

देशी वनस्पतींचाच आग्रह कशासाठी? गुलमोहर आणि सुबाभूळही हिरवीच असतात.

हिरवी असतात हे खरे, पण त्यांच्यावर जगणारे फारसे कोणी नसते. गुलमोहर मूळचा मादागास्करचा, सुबाभूळ मध्य अमेरिकेतली. एखादे झाड ज्या प्रदेशात हजारो वर्षे वाढते, तेथील कीटक, पक्षी आणि माती यांच्याशी त्याची देवाणघेवाण ठरून गेलेली असते. उंबराचेच पाहा. त्याच्या फळाच्या आतल्या फुलांचे परागीभवन एक अगदी चिमुकली गांधीलमाशीच करते आणि तिची अंडीही त्या फळातच वाढतात. दोघांपैकी एकाचे दुसऱ्यावाचून चालत नाही. उंबर, वड आणि पिंपळ वेगवेगळ्या वेळी फळत असल्यामुळे ऐन टंचाईच्या दिवसांतही पक्ष्यांना खायला मिळते. आपला राज्यपक्षी हरियाल याच फळांवर जगतो. बांधावर सहज उगवणारी रुई आपण उपटून टाकतो, पण काही फुलपाखरांच्या अळ्या रुईच्या कुळातील पानांशिवाय दुसरे काही खातच नाहीत.

येथे एक खुलासा केला पाहिजे. देशी असणे आणि इथले असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ताम्हण हे महाराष्ट्राचे राज्यपुष्प आहे, परंतु ते जास्त पावसाच्या भागातले झाड आहे, सप्तपर्णीचेही तसेच. खान्देशच्या उन्हात त्यांना टँकरने पाणी घालून जगवण्यापेक्षा येथील हिवर आणि अंजन लावावेत असे आमचे ठाम मत आहे. चिंच मात्र आम्ही काढत नाही. ती मूळची आफ्रिकेतली मानली जाते, पण शतकानुशतके आपल्या गावात राहून ती कोणाला त्रास देत नाही, आणि तिची सावली तोडण्यात कोणतेही शहाणपण नाही.

येथे कोणकोणत्या वनस्पती आहेत?

पाण्यापासून माळाकडे चालत गेल्यास त्या क्रमाने दिसतात. उथळ पाण्यात कुमुदिनी आणि कमळ आहे. कमळ पाहायचे असेल तर एरंडोलजवळील पद्मालयाचे तळे अनेकांना ठाऊक असेलच. पाण्याच्या कडेला पाणकणीस, बोरू आणि नाना प्रकारचे लव्हाळे आहेत. जेथे पावसाळ्यात पाणी चढते आणि दिवाळीनंतर उतरते, तेथे वाळुंज, करंज, जांभूळ, अर्जुनसादडा, उंबर आणि निर्गुडी लावली आहे. या पट्ट्यातील सर्वांत भरवशाचे झाड मात्र आपली साधी देशी बाभूळ हेच आहे. ती पावसाळ्यात पाण्यात उभी राहते आणि उन्हाळ्यात तडकलेल्या काळ्या मातीतही तग धरते. पाण्यावर झुकलेल्या बाभळींना सुगरणी घरटी टांगतात, कारण खाली पाणी आणि भोवती काटे असल्यावर शत्रूला तेथवर पोहोचणे अवघड जाते. म्हणून अशा झुकलेल्या फांद्या छाटू नयेत, असे आम्ही सर्वांना सांगतो.

त्याच्या वर मुरमाड चढ सुरू होतो. तेथे अंजन, हिवर, खैर, पळस, बोर, सौंदड, आपटा, हिंगणबेट, नेपती आणि तरवड आहेत. बोरांचा विषय निघाला की जळगावच्या मेहरूणच्या बोरांची आठवण निघतेच, पण आमच्याकडे आहेत ती रानबोरे. ती माणसांपेक्षा कोल्ह्यांना आणि पाखरांना अधिक प्रिय आहेत.

अंजनाविषयी थोडे अधिक सांगायला हवे, कारण हे झाड म्हणजे खान्देशातील कोरड्या टेकड्यांची ओळख आहे आणि त्याच्याबाबतच लोक सर्वांत लवकर निराश होतात. अंजनाचे रोप पहिली काही वर्षे वाढताना जवळजवळ दिसतच नाही, कारण ते आपली बहुतेक ताकद खोल जाणाऱ्या सोटमुळावर खर्च करत असते. एप्रिल-मेमध्ये पाने गळून बोटभर काडी तेवढी उरते आणि रोप मेले असे वाटते. पण त्या काडीची साल नखाने किंचित खरवडली की आत ओला हिरवा पापुद्रा दिसतो. पावसानंतर त्याच काडीवर दोन-दोन पाने जोडीने फुटतात आणि कोवळेपणी ती तांबूस असतात. म्हणून वाळलेले दिसणारे रोप दोन पावसाळे पाहिल्याशिवाय उपटायचे नाही, असा आमचा नियम आहे.

काठावर एवढी मोठी जागा रिकामी का ठेवली आहे? तेथे झाडे का लावत नाही?

हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो आणि त्याचे उत्तर आम्हाला सर्वांत महत्त्वाचे वाटते. ती जागा रिकामी नाही. पाणी उतरल्यावर उघडा पडणारा चिखल हे शेकाट्या, तुतारी, धोबी अशा कितीतरी पक्ष्यांचे जेवणाचे ठिकाण आहे. चिखलातले किडे आणि अळ्या टिपण्यासाठीच ते येतात. टिटवी तर उघड्या जमिनीवरच अंडी घालते. अशा जागी दाट झाडी उभी केली, तर भोवतालचे सारे दिसेनासे होते आणि हे पक्षी ती जागा सोडून देतात. शेजारचा गवताळ पट्टाही याच कारणाने मोकळा ठेवला आहे. मारवेल, पवन्या, शेडा आणि कुसळी ही गवते तेथील संपदा आहेत, आणि गवताळ माळ हा जंगल होऊ न शकलेला कमी दर्जाचा प्रदेश आहे ही समजूत चुकीची आहे. सध्या थोड्या जागेत दाटीवाटीने शेकडो रोपे लावण्याची पद्धत लोकप्रिय आहे. ती शहरातील एखाद्या भूखंडासाठी ठीक असेल, पण माळावर आणि तळ्याच्या काठावर ती करू नये, असे आम्हाला मनापासून वाटते.

धरणांच्या बुडीत क्षेत्रात उघड्या पडणाऱ्या जमिनीवर गाळपेर, म्हणजे गाळाच्या ओलीवर पेरणी, होते, आणि त्यावर अनेक कुटुंबांचे पोट चालते, हे आम्ही जाणतो. आमच्या तळ्यावर पूर्वी थोडी गाळपेर होत असे. ती करणाऱ्या शेतकऱ्यांशी बोलून पाण्यालगतचा पट्टा सोडून देण्याचे आणि उरलेल्या जागेत कीटकनाशकांची फवारणी न करण्याचे ठरले, व ते पाळलेही जाते.

पाणकणीस वाढून तळे बुजते असे म्हणतात. ते काढून का टाकत नाही?

थोडे काढतो, सगळे काढत नाही. नाल्याचे पाणी जेथून तळ्यात शिरते, तेथे पाणकणीस आणि बोरू यांचा दाट पट्टा मुद्दाम राखला आहे. पाण्याचा वेग तेथे कमी होतो, गाळ खाली बसतो आणि सांडपाण्यातील नत्र व स्फुरद या वनस्पती काही प्रमाणात शोषून घेतात. पण त्या वाळून तेथेच कुजल्या, तर शोषलेले सारे पुन्हा पाण्यात जाते. म्हणून हिवाळ्याच्या अखेरीस आळीपाळीने एकेक तुकडा कापून बाहेर काढावा लागतो. हा पट्टा म्हणजे सांडपाणी प्रक्रिया केंद्राला पर्याय आहे, असे मात्र कोणी समजू नये. गावाचे मैलापाणी तळ्यात येणे थांबवणे हे नगरपालिकेचेच काम आहे आणि ते झाल्याशिवाय तळे पूर्णपणे सावरणार नाही.

बेशरम आणि जलपर्णी कशी काढली? आमच्याकडे दर वर्षी काढूनही पुन्हा येते.

बेशरमीचा तोडलेला दांडा ओल्या मातीला टेकला की त्याला मुळे फुटतात. पावसाळ्यात तोडून काठावरच टाकलेली बेशरम म्हणजे नवी लागवडच होय. म्हणून हे काम पाणी सर्वांत खाली गेलेले असताना, मार्च ते मे या काळात करावे. मूळ कुदळीने खणून काढावे आणि सगळा माल उंच, कोरड्या, कडक उन्हाच्या जागी पसरून पूर्ण वाळवावा. तिचा चीक डोळ्यांत जाऊ देऊ नये, आणि शेळ्यांना ती विषारी आहे हे ध्यानात ठेवावे.

जलपर्णीची गोष्ट वेगळी आहे. ती अनुकूल हवामानात अवघ्या एक-दोन आठवड्यांत दुप्पट होते आणि तिचे बी गाळात अनेक वर्षे जिवंत राहते. ती दक्षिण अमेरिकेतून आलेली असली, तरी येथे ती फोफावते ती सांडपाण्यातील खतावर. ते पाणी चालू असेपर्यंत यंत्राने ती कितीही वेळा काढली, तरी पुन्हा येणारच. काढायची झाल्यास फुलोऱ्याआधी काढावी, वाऱ्याच्या दिशेने एका कोपऱ्यात लोटून गोळा करावी आणि काठावर ढीग न घालता लांब नेऊन तिचे खत करावे. ज्या तळ्यात कारखान्याचे पाणी येते, तेथील जलपर्णीचे खत भाजीपाल्याला घालू नये, कारण ती पाण्यातील जड धातू शोषून साठवते.

गाजरगवत फुलावर येण्याआधी, जमीन ओली असताना, हातमोजे आणि तोंडाला रुमाल बांधून मुळासकट उपटावे. त्याची अनेकांना ॲलर्जी असते. उपटलेल्या जागी लगेच मारवेलीचे ठोंब किंवा तरवडाचे बी लावले नाही, तर मोकळ्या झालेल्या मातीत पुन्हा गाजरगवतच उगवते. आमच्या कामात उपटण्यापेक्षा ती जागा भरून काढण्यालाच अधिक श्रम पडतात.

वेडी बाभूळ एकाच वेळी का तोडून टाकली नाही?

ती परकी आहे, पाणी ओढते, खाली काही उगवू देत नाही, हे सगळे खरे आहे. परंतु आमच्या बांधाची माती तिच्याच मुळांनी धरून ठेवलेली होती आणि बगळ्यांची घरटीही तिच्यावरच होती. म्हणून दर हिवाळ्यात थोडा थोडा भाग निवडून, घरट्यांचा हंगाम टाळून, ती काढली आणि तेथे देशी बाभूळ व हिवर जोम धरेपर्यंत पुढच्या भागाला हात लावला नाही. नुसते खोड तोडल्यास बुंध्यातून दुप्पट फुटवे येतात, त्यामुळे जमिनीखालचा गड्डा काढावाच लागतो.

रोपे कोठून आणता?

काही रोपे सामाजिक वनीकरण विभागाच्या रोपवाटिकेतून मिळतात, परंतु खान्देशच्या माळावरची नेपती, हिंगणबेट किंवा देशी गवते तेथे सहसा नसतात. म्हणून बी आम्ही स्वतः गोळा करतो, तेही शक्यतो जवळच्याच जुन्या झाडांचे आणि एका झाडाचे न घेता अनेक झाडांचे.

प्रत्येक बियाची तऱ्हा वेगळी असते. कडुनिंब आणि जांभूळ यांचे बी साठवून ठेवता येत नाही; पडले की थोड्याच दिवसांत पेरावे लागते. बाभूळ आणि खैर यांचे बी उकळून कोमट केलेल्या पाण्यात रात्रभर भिजवले की चांगले रुजते, परंतु जाणते गुराखी त्याहून सोपा उपाय सांगतात. शेळ्यांना बाभळीच्या शेंगा खाऊ घालाव्यात आणि कोंडवाड्यात सकाळी पडलेले बी गोळा करावे. टरफल मऊ झालेले ते बी लवकर उगवते. बोराची आठळी फोडून आतला दाणा लावावा. निर्गुडी आणि वाळुंज फांद्यांपासूनच येतात. अंजनाचे सोटमूळ पिशवीत वळले की ते रोप पुढे कधीच नीट वाढत नाही, म्हणून शक्यतो त्याचे ताजे बी जागेवरच टोकावे.

मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो. रोपे कशी जगवता?

लागवड पहिल्या दोन चांगल्या पावसांनंतर लगेच करतो, म्हणजे रोपाला पूर्ण पावसाळा मिळतो. काळी माती वाळताना आक्रसते, तिला हातभर खोल भेगा पडतात आणि त्या भेगांत कोवळी मुळे तुटतात. म्हणून दिवाळीनंतर प्रत्येक आळ्यात थोडा मुरूम मिसळून वर पालापाचोळा आणि वाळलेल्या गवताचा जाड थर देतो. पहिले दोन उन्हाळे रोपाशेजारी पुरलेल्या मडक्यात पाणी भरले जाते. मडक्याच्या तळाला बारीक भोक पाडून त्यात सुताची वात बसवली की पाणी मुळांपर्यंत हळूहळू झिरपते. तिसऱ्या वर्षी पाणी बंद केले जाते. त्यानंतरही जे झाड मागेल, ते त्या जागेचे झाड नाही असे आम्ही समजतो.

उन्हापेक्षा मोठा धोका वणव्याचा आहे. शेतातील पऱ्हाट्या आणि बांध पेटवल्यावर ठिणगी वाळलेल्या गवतात येते. म्हणून होळीच्या आधीच क्षेत्राभोवती जाळरेषा काढली जाते आणि शेजारच्या शेतकऱ्यांना पेटवण्याआधी निरोप देण्याची विनंती केली जाते.

गुरांना आणि मेंढरांना येथे बंदी आहे का?

पाण्याला बंदी नाही. पश्चिमेच्या बाजूला गुरांसाठी पाणवठ्याची वाट मोकळी सोडली आहे, कारण तळे गावाचे आहे आणि मुक्या जनावरांना तहानलेले ठेवून कोणतेही संवर्धन होत नाही. पावसाळ्यात गवताचे बी पडेपर्यंत मात्र चराई पूर्ण बंद असते. बी पडल्यानंतर, साधारण दसरा-दिवाळीच्या दरम्यान, गवत विळ्याने कापून नेण्यास परवानगी दिली जाते आणि कोणी किती भारे न्यायचे ते गुराख्यांच्या बैठकीत ठरते. मेंढरे घेऊन फिरणारे ठेलारी बांधव दर वर्षी या वाटेने जातात. त्यांच्याशी बोलून त्यांचा मुक्काम माळाच्या वरच्या अंगाला ठरवला आहे.

असे नियम बाहेरून कोणी लादून टिकत नाहीत. साक्री तालुक्यातील बारीपाड्याच्या आदिवासी ग्रामस्थांनी स्वतः ठरवलेल्या नियमांनी आपले जंगल राखले, आणि त्या कामाचे नेतृत्व करणारे चैत्राम पवार यांना २०२५ साली पद्मश्री जाहीर झाली. पांझरेच्या काठी शेकडो वर्षे चाललेल्या सामाईक सिंचनाच्या फड पद्धतीतही पाणी देणारा पाटकरी आणि राखण करणारा जागल्या गावच नेमत असे, पाण्याच्या पाळ्या गावच ठरवत असे. खान्देशाला सामाईक पाणी सांभाळण्याची रीत नवीन नाही.

झाडी आणि पाणी वाढले की साप आणि डास वाढणार नाहीत का?

डासांची काळजी रास्त आहे, पण तिचा रोख चुकतो. डेंग्यू पसरवणारा एडिस डास घरातील उघड्या पिंपात, कूलरमध्ये आणि टायरमधील साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. क्युलेक्स डास तुंबलेल्या गटारात. जिवंत तळ्यात डासांच्या अळ्या खाणारे मासे, बेडकांची पिल्ले आणि चतुरांची पिल्ले असतात. पावसाळ्याच्या सकाळी पाणकणसाची पाने जवळून पाहिली, तर त्यांना घट्ट चिकटलेली पारदर्शक, पाठीवर उकललेली रिकामी कवचे दिसतात. पाण्यात राहून अळ्या खाणारे चतुराचे पिल्लू तेथवर चढून पंख घेऊन उडून गेल्याची ती खूण असते. ज्या काठावर ही कवचे भरपूर दिसतात, तेथे धूर फवारणी करू नये, कारण तिने डासांबरोबर हे पहारेकरीही मरतात.

साप येथे आहेत. बहुतेक वेळा दिसतो तो पाणदिवड किंवा धामण, आणि हे दोन्ही बिनविषारी आहेत. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार विषारी साप खान्देशात सर्वत्र आढळतात, त्यामुळे पायवाट सोडून गवतात जाऊ नये, पायात बूट असावेत आणि अंधारात विजेरी असावी. दंश झाल्यास आवळून दोरी बांधू नये, जखम कापू नये, मांत्रिकाकडे वेळ घालवू नये. दंश झालेला अवयव न हलवता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावून थेट सरकारी रुग्णालय गाठावे.

गणपती, भुलाबाई आणि कानबाईचे विसर्जन येथे करता येते का?

कानबाई आणि भुलाबाई हे आपले जिव्हाळ्याचे सण आहेत आणि तळ्याशी त्यांचे नाते जुने आहे. ते तोडावे असे येथे कोणालाही वाटत नाही. विसर्जनासाठी घाटालगत वेगळे कुंड बांधले आहे आणि त्यात तळ्याचेच पाणी भरले जाते. प्लास्टर ऑफ पॅरिस पाण्यात विरघळत नाही आणि मूर्तीच्या रंगांतील रसायने पाण्यात उतरतात, म्हणून शाडूची मूर्ती आणावी. हार, नारळ आणि वस्त्रे निर्माल्याच्या पेटीत द्यावीत. फुलांचे खत होऊन ते याच झाडांना घातले जाते.

पुण्य म्हणून मासे किंवा कासवे सोडली तर चालेल का?

कृपया सोडू नयेत. काचेच्या टाकीतील परदेशी मासे आणि लाल कानाची कासवे येथील जिवांचे अन्न खातात आणि रोग पसरवतात. आफ्रिकन मांगूर पाळण्यावर तर देशातच बंदी आहे. डासांसाठी म्हणून गप्पी मासेही तळ्यात सोडू नयेत. ते हौदापुरते ठीक आहेत. तळ्यातील मासेमारीचा निर्णय भोई बांधवांच्या संस्थेचा आहे, आणि काठ सुधारल्यावर माशांना अंडी घालण्यास उथळ जागा मिळाली हे त्यांचेच निरीक्षण आहे.

तळ्यातील गाळ काढणे चांगले की वाईट?

चांगले, पण काढण्याची रीत सांभाळली पाहिजे. २०१७ पासून राज्यात गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजना राबवली गेली आणि तळ्यांचा गाळ शेतांना मिळाला, तो उपयोगीच ठरला. अडचण तेव्हा होते, जेव्हा यंत्र काठापासूनच सरळ खाली खोदत जाते. तळ्याचा आकार परातीसारखा पसरट उताराचा असावा. हंड्यासारखा उभ्या कडांचा झाला, की उथळ पाणीच उरत नाही. तेथे कुमुदिनी रुजत नाही, पाणपक्ष्यांना उभे राहता येत नाही आणि गुरे व मुले घसरून बुडण्याचा धोका वाढतो. म्हणून गाळ मध्यभागातून काढावा, काठालगतचा पट्टा हात न लावता ठेवावा, आणि गाळ काठावर टाकून बांध रुंद करू नये.

रानभाज्या, आपट्याची पाने किंवा औषधी साली नेता येतात का?

माळावरील तरोटा, कटुर्ले, कुर्डू आणि घोळ घरापुरती खुडून न्यावी. कटुर्ल्याचा कंद मात्र खणू नये. सांडपाणी येणाऱ्या बाजूची नाळीची भाजी आणि शिंगाडे खाऊ नयेत. दसऱ्याला आपटा ओरबाडला जातो, आणि पुष्कळदा आपटा समजून कांचनाच्या फांद्याही तोडल्या जातात. येथे दोन्हींना बंदी आहे. अर्जुनाची साल ओरबाडून काढल्यास झाड मरू शकते, त्यामुळे तिचीही परवानगी नाही.

ही जमीन कोणाची आहे, आणि कायदा काय सांगतो?

जमीन नगरपालिकेची आहे, पाणी पाटबंधारे खात्याच्या देखरेखीखाली आहे आणि देखभाल लेखी कराराने गावकऱ्यांच्या गटाकडे आहे. कायद्याबाबत एक गोष्ट फार थोड्या लोकांना माहीत असते. पाणथळ जागांचे नियम २०१७ साली आले, परंतु पिण्याच्या पाण्यासाठी, सिंचनासाठी किंवा मत्स्यपालनासाठी मुद्दाम बांधलेले तलाव त्यांतून वगळले आहेत. खान्देशातील बरीचशी तळी याच प्रकारची आहेत. त्यामुळे आपले तळे आपोआप संरक्षित आहे असे गृहीत धरू नये. जैवविविधता कायदा २००२ नुसार प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते. तिच्याकडून लोक जैवविविधता नोंदवहीत तळ्याची आणि तेथील वनस्पतींची नोंद करून घ्यावी आणि सर्वसाधारण सभेचा ठराव मिळवावा. याच कायद्याखाली जळगावची लांडोरखोरी जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित झाली आहे.

पक्षी केव्हा पाहायला मिळतात?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सूर्योदयानंतरचे दोन तास. वारकरी, टिबुकली, जांभळी पाणकोंबडी आणि कमळपक्षी वर्षभर असतात. हिवाळ्यात थापट्या, तलवार बदक आणि चक्रवाक उतरतात. मोठे थवे पाहायचे असल्यास तापी-पूर्णेच्या संगमापर्यंत पसरलेला हतनूर जलाशय गाठावा. पक्ष्यांना शेव, पाव किंवा मुरमुरे टाकू नयेत, आणि छायाचित्रासाठी घरट्याजवळ जाऊ नये.

आमच्या गावात असे काम सुरू करायचे असल्यास पहिले पाऊल कोणते?

रोपे विकत आणू नका. आधी सातबारा उतारा पाहून जमीन कोणाची आहे ते निश्चित करा. मग एक पूर्ण वर्ष तळ्याची कडा कोठपर्यंत येते आणि कोठपर्यंत जाते, हे दर महिन्याला खुंट्या ठोकून नोंदवा. त्याच वर्षात जुन्या माणसांना विचारा की काठावर पूर्वी काय होते. आमच्याकडे कळंबाच्या दोन झाडांचा पत्ता एका भोई आजोबांनी दिला आणि त्यांच्याच बियांची रोपे आज उभी आहेत. सांडपाणी कोठून शिरते, गुरे कोणत्या वाटेने येतात, धुणी कोठे धुतली जातात, हे कागदावर काढा आणि त्या लोकांना पहिल्या बैठकीला बोलवा. लागवड दुसऱ्या पावसाळ्यात करा, आणि तीही तीन वर्षे राखता येईल एवढीच.

श्रमदानाला यायचे असल्यास काय करावे? बी मिळेल का?

दर रविवारी सकाळी घाटावर काम सुरू होते. उन्हाळ्यात ते ऊन चढण्याआधीच संपते. पूर्ण बाह्यांचे कपडे, बूट आणि पाण्याची बाटली आणावी. विळे, कुदळी आणि हातमोजे येथे आहेत. मारवेलीचे ठोंब आणि निर्गुडीच्या काड्या जूनच्या अखेरीस, तर बाभूळ, हिवर आणि अंजन यांचे बी उन्हाळ्यात कोणालाही विनामूल्य दिले जाते. नेताना कोणत्या तळ्यासाठी नेत आहात आणि तेथील माती काळी आहे की मुरमाड, एवढे वहीत लिहून ठेवावे, म्हणजे त्या जमिनीला मानवणारेच बी काढून देता येते.